गुडघ्याची साक्ष

अपघात झाला त्याच संध्याकाळी संघाच्या मालकांनी तिला बोलावून घेतलं. ती पोचली तेव्हा मालक जेवत होते.

हॉटेलातली त्यांची खोली म्हणजे खोली कसली, दालनच. टेबलावर कडक इस्त्रीचा पांढरा कपडा, गळ्यात खोचलेला तसलाच रुमाल, आणि हातात कोंबडीची टांग. खिडकीपाशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. तिच्याआधीच येऊन पोचलेला. तिला पाहून त्याने नजर बाहेर वळवली. खरं तर तिथेच तिला कळायला हवं होतं.

"ये बेटा, बस. जेवलीस का?"

ती नाही म्हणाली. दुपारपासून तिच्या नाकात जळक्या रबराचा वास बसला होता, आणि डोळ्यांपुढून शर्यतीच्या मैदानावरच्या त्या झेंडेवाल्याचा पाय हलत नव्हता. गुडघ्यापासून भलत्याच दिशेला वळलेला.

"पाय वाचेल म्हणतात डॉक्टर," मालक म्हणाले आणि टांगेवरचं मांस दातांनी ओढून काढलं. "वाचेल, पण गुडघ्यात वाकायचा नाही. म्हणजे असून नसल्यासारखाच." त्यांनी हाड बशीत टाकलं, एकेक बोट सावकाश चाटलं आणि त्याच हाताने तिच्यासाठी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

तिने ग्लासाला हात लावला नाही.

शर्यतीच्या गाड्यांच्या या धंद्यात तिला येऊन चारच वर्षं झाली होती. त्याआधीचं सगळं तरुणपण बर्फावर गेलेलं. पायांना लांब फळ्या बांधून डोंगराच्या माथ्यावरून खाली झेपावायचं, आणि खाली पोचेपर्यंत श्वास घ्यायचा की नाही हे शरीरावर सोडून द्यायचं, हे तिचं काम. स्कीइंगच्या राष्ट्रीय संघात ती होती. तिथला प्रशिक्षक दर सोमवारी मुलींना रांगेत उभं करायचा, दोन बोटांत पोटाची कातडी चिमटायचा आणि म्हणायचा, "हे लोणी वितळव." त्या दोन बोटांचा गारवा तिला अजून आठवायचा. मग एका उतारावर फळीचं टोक अडकलं आणि उजव्या गुडघ्यातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. संघाने फुलं पाठवली, महिन्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि नंतर तिचे फोन उचलणं बंद केलं. गरज सरो, वैद्य मरो.

त्या दिवसांत तिला सांभाळलं ते धाकट्याने. शाळेत असल्यापासून तिच्या फळ्या खांद्यावर वाहून नेणारा हा भाऊ. तिचा जीव रमावा म्हणून तो तिला भाड्याच्या छोट्या गाड्या पळवायच्या मैदानावर घेऊन गेला. कुबड्या कठड्याला टेकवून ती गाडीत बसली आणि पहिल्याच फेरीनंतर मैदानाच्या माणसाने आपलं घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे की बिघडलंय म्हणून. तिला त्यात नवल वाटलं नाही. पायांच्या जागी इंजिन आलं होतं, एवढाच फरक. या वळणात असताना पुढचं वळण बघायचं, वजन टाकायचं तिथे बिनधास्त टाकायचं, आणि घसरण सुरू झाली की तिच्याशी भांडायचं नाही, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं होतं. मोठ्या शर्यतीत आल्यावर बाकीच्या चालकांनी तिचं नाव घसरगुंडी ठेवलं. आधी चिडवायला. मग ओल्या रस्त्यावर तिच्या मागे राहून तोंडात चिखल गेला, तेव्हा तेच नाव जरा जपून घ्यायला लागले.

धाकटा तिचा व्यवस्थापक झाला. करार, तिकिटं, वार्ताहर, सगळं तोच बघायचा. तिला लोकांशी गोड बोलता येत नसे, म्हणून तिच्या वाटचं बोलायचं कामही त्याच्याकडेच होतं.

आणि आज सरावाच्या दिवशी हे झालं. बघायला प्रेक्षक नव्हते, टीव्हीवाले नव्हते. तिच्या पुढची एक गाडी बंद पडून वळणावर थांबली होती, म्हणून तिथल्या झेंडेवाल्याने पिवळा झेंडा हलवला. पिवळा झेंडा दिसला की वेग उतरवायचा आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही, हे या खेळातलं शेंबडं पोरही जाणतं. तिने वेग उतरवला. मागून मालकांचा मुलगा येत होता. त्याला सगळे छोटे मालक म्हणायचे. त्याने उतरवला नाही. आतल्या बाजूने घुसायला गेला, तिच्या मागच्या चाकाला धडकला, तिची गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि त्याची सरळ कठड्यावर गेली. कठड्यामागे तो माणूस होता.

"परवा चौकशी आहे," मालक आता रुमालाला बोटं पुसत होते. "तुला काय, एकच वाक्य बोलायचंय. गुडघ्यात कळ आली आणि पाय अचानक ब्रेकवर पडला. संपलं."

"झेंडा होता म्हणून ब्रेक दाबला मी. छोट्या मालकांनी झेंडा मानला नाही."

"अगं, ते मला कळत नाही का? माझाच मुलगा आहे. गाढव आहे गाढव." ते मनापासून हसले. "पण गाढव झालं तरी घरचं आहे. यंदा त्याला किताब मिळायची संधी आहे. तुझं काय, दोन महिने विश्रांती घे. पुढच्या वर्षी संघाची पहिली गाडी तुझी. लोकही काही बोलणार नाहीत. जुनं दुखणं आहे, बाईमाणूस आहे, कोण दोष देणार?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून छोटे मालक आले. करंगळीला पट्टी, नजर मोबाईलमध्ये. "सॉरी हं, घसरगुंडी," ते मान वर न करता म्हणाले. "पण तू पण किती हळू केलीस गं!"

पुढे काही बोलली तर तोंडातून शब्दांऐवजी भलतंच बाहेर पडेल, अशी तिला भीती वाटली. ती उठली.

जिन्यात धाकट्याने तिला गाठलं. "ताई, ऐक तरी. एक वाक्य आहे."

"तू काय सांगून बसलायस त्यांना?"

"काही नाही गं. विचार करते म्हणाली, एवढंच सांगितलं."

"उद्या सकाळी मी दवाखान्यात जाते. त्या माणसाला बघून येते."

"नको!" तो इतक्या घाईने म्हणाला की दोघंही थबकले. मग त्याने आवाज उतरवला. "म्हणजे, आत्ता नको. त्यांना त्रास कशाला?"

ती रात्रभर पाठ टेकून नुसती पडून राहिली आणि सकाळी गेली.

दवाखान्याचा वॉर्ड लांबलचक, जंतुनाशकाने पुसलेला, तरी खालून कुठून तरी आंबूस वास येत होता. झेंडेवाला शेवटच्या खाटेवर होता. एरवी तो शाळेची बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी निव्वळ हौसेने मैदानावर झेंडा धरायला यायचा. पाय वर टांगलेला, डोळे मिटलेले. उशाशी त्याची बायको बसली होती आणि शेजारच्या स्टुलावर फळांची मोठी करंडी होती, लाल रिबीन बांधलेली.

बायकोने तिला पाहिल्याबरोबर ओळखलं. उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच विचित्र होतं.

"या ताई. तुम्ही स्वतः आलात. कशाला एवढी धावपळ केलीत, तुमचा पाय दुखत असताना?"

"माझा पाय?"

"तुमचे भाऊ काल येऊन गेले ना. अपघातानंतर तासाभरातच. तुमच्या वतीने फळं घेऊन आले. सगळं सांगितलं त्यांनी. गुडघा ऐनवेळी कसा दगा देतो, तुम्ही कशा लपवून लपवून गाडी चालवता." ती पदराशी चाळा करत राहिली. "खोटं कशाला बोलू, आधी मला तुमचा फार राग आला. पण भाऊ इतके रडले, ताई! घळाघळा पाणी डोळ्यांतून. हात जोडून म्हणाले, माझ्या बहिणीला माफ करा. मलाच त्यांची समजूत काढावी लागली. सकाळपासून पोटात काही नाही म्हणाले, तेव्हा मीच त्यातलं एक सफरचंद कापून दिलं."

"खाल्लं त्याने?"

"हो. दोन खाल्ली."

ती त्या करंडीकडे बघत राहिली. रिबिनीखाली फळांच्या उतरंडीत दोन खळगे पडले होते. पायाचा चेंदामेंदा झालेल्या माणसाच्या उशाशी बसून, त्याच्या बायकोकडून डोळे पुसून घेत, आपणच आणलेली सफरचंदं कराकरा खाणारा आपला भाऊ तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हणजे मालकांच्या खोलीत तिला विचारायच्या आधीच सगळं ठरलं होतं. तिची माफीसुद्धा मागून झाली होती. मालकांचं तिला काही वाटलं नाही. चिखलात म्हैस लोळणारच. पण हा! आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला एकदम बेसिनकडे धावावंसं वाटलं. तिने खाटेचा लोखंडी दांडा धरून ठेवला.

झेंडेवाल्याने डोळे उघडले होते. औषधाच्या गुंगीत त्याची जीभ जड झाली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"मी झेंडा हलवला होता ना? मला आठवतंय तसं. पण काल तुमचे भाऊ सांगत होते की तुम्ही कारण नसताना थांबलात. म्हणजे मग झेंडा नसेलच दाखवला मी. रात्रीपासून तेच डोक्यात घोळतंय. माझ्या हातून चूक झाली असली तर..."

बायको दचकली. नवऱ्याच्या मनात हे चाललंय हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"झेंडा तुम्ही वेळेवर हलवला," ती दांडा न सोडता म्हणाली. "जोरात हलवलात. मला लांबूनच दिसला. तो दिसला म्हणूनच मी ब्रेक दाबला. माझा गुडघा ठणठणीत आहे. तुम्हाला ज्याने उडवलं त्याने झेंडा पाहिला आणि तरी घुसला. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच रंगाच्या, म्हणून तुम्हाला कळलं नसेल."

त्याने डोळे मिटले आणि हळूहळू त्याचा चेहरा सैल पडला. बायको मात्र ताठ झाली होती. तिने करंडी उचलली, वॉर्डच्या दाराशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली, क्षणभर घुटमळली आणि मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या उशाशी ठेवून आली.

"अन्नावर कशाला राग काढायचा," ती परत येऊन म्हणाली. "पण आमच्या घशाखाली ते उतरायचं नाही."

धाकटा बाहेर गाडीत वाट बघत बसला होता. ती ऐकणार नाही हे त्याने ओळखलं असणार. तिने दार उघडलं नाही, काचेतूनच बोलली.

"सफरचंद गोड होतं का रे?"

त्याला कळायला वेळ लागला. मग तो लालबुंद झाला. "तू ना, ताई, नेहमी असंच करतेस. मी काय माझ्यासाठी केलं? दुसऱ्यांदा तुझं सगळं संपलं असतं. पुन्हा कुबड्या, पुन्हा घरात बसणं. ते मी बघितलंय, तू नाही बघितलंस! तू औषध घेऊन झोपायचीस. तुझ्या उशाशी मी बसायचो."

त्यात खोटं काही नव्हतं. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. खऱ्या मायेला कसला तरी चिकट लेप बसला होता, आणि तो खरवडून आत जुना भाऊ शोधावा तर हातच बरबटले असते.

"त्या माणसाला वाटायला लागलंय की त्याने झेंडाच दाखवला नाही," ती म्हणाली. "स्वतःचा पाय त्याने स्वतःच मोडून घेतला, असं वाटतंय त्याला. हे तू करून आलास."

ती बसने परत गेली.

चौकशी मैदानाच्या कचेरीत झाली. टेबलामागे तीन पुरुष, पुढ्यात बिस्किटांची बशी. मधला अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नुसतं लिहून घेणारा एक जण. भिंतीला लागून मालक, छोटे मालक आणि त्यांच्यामागे धाकटा बसला होता. छोट्या मालकांनी आपली साक्ष आधीच दिली होती: पुढची गाडी अचानक थांबली, मी काय करणार? चोर तो चोर, वर शिरजोर.

तिने जे घडलं ते सांगितलं. पाचसहा वाक्यांत संपलं.

"बाई," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या गुडघ्याबद्दल आमच्या कानावर काही आलंय. तुमच्या भावाकडूनच."

"तपासा गुडघा."

डॉक्टरांनी तिला पँट वर करायला सांगितली. तिने केली. गुडघ्यावरून खाली उतरणारा तो जाड, गुलाबी व्रण बघायला तिघंही टेबलावरून पुढे वाकले. लिहिणाऱ्याच्या ओठांवर बिस्किटाचा भुगा होता. डॉक्टरांनी अंगठ्याने व्रण दाबला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि "हं" म्हणाले. तिला सोमवारची ती रांग आठवली. सगळं अंग आक्रसून आलं, पण तिने पाय मागे घेतला नाही.

"झालं बघून?" तिने विचारलं. मग ती खोलीच्या मधोमध गेली, डावा पाय पुढे सरळ उचलून धरला आणि उजव्या पायावर खाली बसली. पार टाचेपर्यंत. आणि वर आली. पुन्हा खाली. पुन्हा वर. बर्फावरच्या माणसाला हे रोजचंच. पण टेबलामागच्या तिघांची तोंडं उघडीच राहिली.

"साहेब, आता तुम्ही एकदा करून दाखवता?" तिने डॉक्टरांना विचारलं. लिहिणारा फिसकन हसला आणि भुगा वहीवर सांडला.

झेंडेवाल्याचा जबाब अध्यक्षांनी दवाखान्यातून मागवला होता, तो वाचला गेला. त्याने ठामपणे सांगितलं होतं: झेंडा मी हलवला. बंद पडलेल्या गाडीच्या चालकानेही तेच सांगितलं. छोट्या मालकांना वर्षभर शर्यतीची बंदी झाली. मालक उठले, तिच्याजवळून जाताना थांबले आणि अगदी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बर्फातली ना तू. रक्तच थंड." त्या हाताचं वजन तिला कितीतरी दिवस केसांत जाणवत राहिलं.

आठवड्याभरात मालकांनी तिला काढून टाकलं. कारण दिलं बेशिस्तीचं. दुसऱ्या कुठल्या संघाने दार उघडलं नाही. तोंडावर सगळे शाबास म्हणायचे, पाठ वळली की खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई म्हणून टाळायचे. धाकटा मालकांकडेच राहिला. आता तो छोट्या मालकांचं काम बघू लागला. आईचा फोन आला. "तो रडतोय गं. एकदा बोल त्याच्याशी."

"रडू दे आई. ते त्याला चांगलं येतं."

आई म्हणाली, "तुम्ही दोघं माझीच ना?"

तिने शहराबाहेर एक गाळा भाड्याने घेतला, जुनी गाडी घेतली आणि घाटचढाईच्या शर्यतीत उतरली. यात मैदान नसतं. डोंगराचा रस्ता बंद करतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत घड्याळ धावतं. आजूबाजूला कुणी नाही, मागून कुणी घुसत नाही. आयुष्यभर डोंगर उतरलेली बाई आता चढायला लागली म्हणून ओळखीचे हसले. पहिल्या मोसमात ती कधी पाचवी आली, कधी तिसरी. एकदा दरीच्या कडेला चाक लटकलं आणि सगळी दुपार दोरखंड लावून ओढण्यात गेली. पण रात्री भूक लागायची आणि जेवण जायचं. बऱ्याच महिन्यांत असं झालं नव्हतं.

तरी ती मळमळ पुरती गेली नाही. एके सकाळी गाळ्यात टायर बदलत असताना मोबाईलवर एक छायाचित्र आलं. छोटे मालक बंदी संपवून परतले होते. त्यांच्या शेजारी कुबडी घेतलेला झेंडेवाला, डोक्यावर मालकांच्या संघाची टोपी. दोघंही हसत होते. खाली लिहिलं होतं, आम्ही एक कुटुंब आहोत. तिने मोबाईल पालथा ठेवला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. त्या माणसाची शिसारी आली तिला, आणि लगेच त्या शिसारीचीही लाज वाटली. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं.

दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, तुम्ही फोटो बघितला असेल."

"बघितला, वहिनी."

"ह्यांनी नोकरी धरली तिथे. फाटकावर बसायची. बस आता चालवता येत नाही, दुसरं कोण घेणार? तुम्हाला राग आला असेल."

"नाही," ती म्हणाली. "घर चालवायचं तर माणूस काय करेल."

"मला आलाय," पलीकडून आवाज आला. "तुम्ही म्हणाल, नवऱ्याची नोकरी आणि ही राग करते. पण मला सहनच होत नाही ओ. घरी आले की ती टोपी खुंटीला अडकवतात, आणि मी येता-जाता तिचं तोंड भिंतीकडे फिरवते. ते पुन्हा सरळ करतात. मी पुन्हा फिरवते. दोघंही एकमेकांना काही बोलत नाही."

ती हसली. पहिल्यांदा नुसतं नाकातून, मग मोठ्याने. पलीकडेही हसू फुटलं, आणि मधेच त्याचं रडू झालं. ती ऐकत राहिली.

"तुमची शर्यत कधी असते आता?" वहिनींनी नाक पुसत विचारलं.

"रविवारी. घाटात."

"मी आले तर चालेल? ह्यांना नाही आणत. एकटीच येते. मला त्या घरातून एक दिवस बाहेर पडायचंय."

"या की. सकाळची पहिली बस पायथ्याशी सोडते. आणि अंगावर काहीतरी जाड घाला, माथ्यावर वारा फार असतो."